जुन्या मिनीचे सेकंडहँड कॅलिपर: काय ठेवायचं, काय टाकायचं

बीडकाम

वापरलेले कॅलिपर (डिस्क ब्रेकमध्ये पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग) हातात आले की बहुतेक जण पिस्टन काढतात, बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन सरकतो त्या भोकात, बोट फिरवतात, गंजाचे खड्डे लागले की कॅलिपर भंगारात टाकतात. याच कारणाने चांगले कॅलिपर फेकलेले मी पाहिलेत. उलट, बोअर आरशासारखा आहे म्हणून नुसतं किट (नव्या रबर सीलचा संच) बदलून लावलेले कॅलिपर पुढे पाझरताना किंवा पाय काढल्यावरही ब्रेक धरून ठेवताना पाहिलेत. म्हणून हा धागा.

मूळ गोष्ट अशी. मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा) आणि ड्रम ब्रेकच्या व्हील सिलिंडरमध्ये (चाकापाशी शूज ढकलणारा) रबर पिस्टनबरोबर पुढेमागे सरकतं आणि बोअरच्या भिंतीवर घासतं. तिथे भिंतीला खड्डा म्हणजे गळती, त्यात वाद नाही. कॅलिपरमध्ये नेमकं उलटं आहे. चौकोनी छेदाचं सील कॅलिपरच्या अंगात कोरलेल्या चरात बसतं आणि तिथेच राहतं. सरकतो तो पिस्टन. म्हणजे ऑइल अडवणारे दोघेच: पिस्टनचा बाहेरचा पृष्ठभाग आणि चराचा तळ. बोअरची भिंत फक्त पिस्टनला सरळ ठेवते. तिथले बारीक खड्डे, गंज साफ केल्यावर, काहीही बिघडवत नाहीत.

तेव्हा बघायचं ते पिस्टनकडे आणि चराकडे.

आधी पिस्टन. मिनीचे मूळ पिस्टन पोलादाचे, वर क्रोमचा थर. डस्ट सील (धूळ-पाणी बाहेर ठेवणारं बाहेरचं रबर) फाटलं की पाणी आणि रस्त्यावरची घाण पिस्टनच्या बाहेरच्या टोकाशी बसते. क्रोमला आधी टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके पडतात, मग त्याखालून गंज फुगतो आणि क्रोमचे पापुद्रे सुटतात. पिस्टन पुसून उजेडात तिरका धरा आणि नखाची कड हळू ओढत न्या. नख कुठेही अडलं तर तो पिस्टन गेला. पॉलिश पेपरने घासून तो वाचत नाही: क्रोम एकदा फुटला की खालचं पोलाद उघडं पडतं आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गंजतं. नवे पिस्टन स्टेनलेसचे मिळतात. तेच घ्यावेत. गंजत नाहीत, शिवाय स्टेनलेस साध्या पोलादापेक्षा उष्णता कमी वाहून नेतं, त्यामुळे पॅडची धग ऑइलपर्यंत थोडी कमी पोचते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण फसगत इथेच होते. पॅड झिजलेले असताना पिस्टन बराच बाहेर आलेला असतो. गंज धरतो तो त्या बाहेर आलेल्या भागावर आणि सील त्याच्या मागे, स्वच्छ भागावर बसलेलं असतं. गळती शून्य. मग नवे पॅड टाकायला तुम्ही पिस्टन आत दाबता, गंजलेला पट्टा सीलखालून आत जातो, सील कापतो आणि कालपर्यंत कोरडा असलेला कॅलिपर पाझरायला लागतो. ‘पॅड बदलले आणि ब्रेक गळायला लागला’ या तक्रारीत दोष पॅडचा नसतो. विकणारा ‘गाडीवर होता तेव्हा अजिबात गळत नव्हता’ असं अगदी खरं सांगत असला, तरी त्यावरून पिस्टन चांगला ठरत नाही.

आता चर. याच्याकडे सगळ्यात कमी लोक बघतात. जुनं सील काढल्यावर चराच्या तळाशी तपकिरी-काळी कडक खपली सापडते: गंज, जुन्या ऑइलची राळ आणि रबराचा चुरा यांचा थर. नव्या सीलखाली ही खपली राहिली की सील तेवढं वर उचललं जातं आणि पिस्टनला आवळतं. ब्रेक सोडल्यावर पिस्टनला मागे ओढणारी वेगळी स्प्रिंग कॅलिपरमध्ये नसते. ब्रेक दाबला की सीलची आतली कड पिस्टनबरोबर थोडी पुढे ओढली जाते, पाय काढला की ती मूळ जागी येताना पिस्टनला मागे आणते. ही माघार मिलिमीटरच्या अंशाएवढीच असते. चरात खपली असेल तर तेवढीही होत नाही, पॅड डिस्कला घासत राहतात आणि चाक तापतं. किट नवं, पिस्टन नवे, तरी ब्रेक धरतोय अशी तक्रार असेल तर माझा पहिला संशय चरावर असतो.

चर साफ करायला पितळी तारेचा ब्रश आणि टोक वाकवलेली पितळी किंवा तांब्याची पट्टी. पोलादी स्क्रू ड्रायव्हर नको. कॅलिपरचं बीड (ओतीव लोखंड) तसं मऊ असतं, चराच्या कडेला ओरखडा गेला तर तो कायमचा. सील काढायलाही लाकडाची किंवा प्लॅस्टिकची टोकदार काडीच वापरा.

पिस्टन काढण्याबद्दल. कॅलिपर अजून गाडीवर असेल तर ब्रेक पेडलनेच बाहेर ढकला, तो सर्वांत शांत मार्ग. सुटा असेल तर कॉम्प्रेसरची हवा, पण दाब अगदी कमी ठेवून सुरुवात करायची, मध्ये लाकडाचा ठोकळा घालायचा आणि बोटं कधीही मध्ये न्यायची नाहीत. अडकलेला पिस्टन सुटतो तेव्हा बोट मोडण्याइतक्या जोराने येतो. चष्मा घाला. फार जाम असेल तर ब्लीड निपलच्या (हवा काढायच्या छोट्या स्क्रूच्या) भोकाला ग्रीस गनचं कनेक्शन जोडून ग्रीसने ढकला. ग्रीस हवेसारखं दाबून लहान होत नाही, त्यामुळे पिस्टन उडत नाही, सावकाश सरकतो. नंतर ग्रीसचा कणही आत राहता कामा नये.

समोरासमोरच्या दोन पिस्टनपैकी एक आधी निघाला की दाब तिथून निसटतो आणि दुसरा जागेवरच राहतो. म्हणून एकाला क्लँप लावून दुसरा जवळजवळ बाहेर आणा, मग क्लँप बदला. दोन्ही हाताने ओढता येतील इतके सैल झाले की काढा.

राहिलेलं प्रतिसादांत.

तांबडी_मिनी

छान लिहिलंत, बीडकाम दादा. चराचं मला माहीतच नव्हतं. माझ्याकडे ८.४ इंची डिस्कचे दोन कॅलिपर आले आहेत, गाडी १९८४ नंतरची, म्हणजे मूळचेच तसे. एका कॅलिपरचं ब्लीड निपल इतकं जाम आहे की षटकोन गोल व्हायला लागलाय. काय करू? आणि घरात रॉकेल आहे, त्यात बुडवून ठेवलं तर चालेल का?

वायसर

ताई, जिथे रबर बसायचं आहे तिथे रॉकेल, पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल काहीही नको. ब्रेकची रबरं खनिज तेलात फुगतात आणि मऊ पडतात. बीडाच्या बारीक छिद्रांत आणि आतल्या मार्गात रॉकेल राहून गेलं तर नवं किट त्यातच खराब होईल. आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा ब्रेक क्लीनर वापरा. शेवटचं धुणं स्वच्छ ब्रेक ऑइलने.

निपलसाठी: उघडा पाना आता विसरा. सहा कोनांचा सॉकेट लागेल, बारा कोनांचा नाही. बारा कोनी सॉकेट उरलेला षटकोनही खाईल. सगळी रबरं काढलेली असताना निपलच्या भोवतालचं बीड बत्तीने तापवा, निपलला नाही. बीड पसरतं, आट्यांची पकड सुटते. मग निपलच्या डोक्यावर हलके ठोके देऊन पिळा, आणि पिळताना आधी किंचित आवळायच्या दिशेने. ‘टिक’ असा आवाज आला की सुटलं समजा. तापवण्याआधी आत ब्रेक ऑइल शिल्लक नाही ना बघा, ते पेट घेतं. ब्रेक क्लीनर मारून लगेच बत्ती लावणं तर जिवावरचं काम आहे. क्लोरीनयुक्त क्लीनरचा धूर विषारी असतो.

निपल मोडलंच तर ड्रिल करताना मधोमध राहिलं पाहिजे. आत निपलचं टोक ज्या शंकूच्या आकाराच्या बैठकीवर बसतं ती बैठक खराब झाली तर आटे कितीही चांगले असोत, निपल गळणारच. हे काम लेथवाल्याकडून करून घ्या.

ड्रमवाला

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माझ्या गाडीला पुढेही ड्रमच आहेत. १९५९ ला मिनी आली तेव्हा चारही चाकांना ड्रमच होते ना? मला सेकंडहँड डिस्कचा सेट मिळतोय. नुसते कॅलिपर आणि डिस्क घेऊन चालेल का?

बीडकाम

नाही चालणार. १९६१ च्या कूपर या मिनीच्या वेगवान मॉडेलला ७ इंची डिस्क आल्या, त्या तोकड्याच पडायच्या. १९६३ च्या कूपर एसला ७.५ इंची आल्या आणि १९७४ च्या १२७५ जीटीला १२ इंची चाकांबरोबर ८.४ इंची. १९८४ पासून सगळ्याच मिनींना ८.४ इंची. तुम्हाला डिस्कच्या गाडीचे हब, सीव्ही जॉइंट आणि ड्राइव्ह फ्लँज असा सगळा सेट लागेल. तोही एकाच गाडीचा असला तर उत्तम. मूळ ८.४ इंची सेट १० इंची चाकात मावत नाही. १० इंची चाकं ठेवायची असतील तर ७.५ इंची शोधा.

दुसरं, मास्टर सिलिंडर. ड्रमसाठीच्या काही मास्टर सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब धरून ठेवणारी झडप असते. ड्रममध्ये तो दाब शूजच्या स्प्रिंगमुळे चालून जातो. कॅलिपरमध्ये स्प्रिंग नाही हे वर सांगितलंच आहे. तिथे हाच दाब पॅड डिस्कवर दाबून ठेवतो. शिवाय कॅलिपरचे पिस्टन व्हील सिलिंडरपेक्षा बरेच मोठे, त्यांना ऑइल जास्त लागतं, त्यामुळे लहान बोअरच्या मास्टर सिलिंडरवर पेडल खूप खाली जाईल. तुमच्या सेटला कुठला मास्टर सिलिंडर होता ते विकणाऱ्याला विचारा आणि शक्यतो तोही घ्या.

मेट्रो या दुसऱ्या ब्रिटिश गाडीचे चार पिस्टनवाले कॅलिपरही लोक मिनीला लावतात. चांगले असतात, पण त्यांची पाइपची जोडणी वेगळी आहे. ते करायचं असेल तर वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

सावकाश

आट्यांबद्दल एक भर घालतो. हे प्रत्येकाने वाचावं असं मला मनापासून वाटतं.

जुन्या ब्रिटिश गाड्यांच्या ब्रेकमध्ये ३/८ इंच यूएनएफ (इंची मापाचे बारीक) आटे असतात, इंचाला २४. मेट्रिक सामानात एम १० (१० मि.मी.), पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १ मि.मी. दोन्ही दिसायला जवळजवळ एकच. ३/८ इंच म्हणजे ९.५२५ मि.मी. आणि इंचाला २४ आटे म्हणजे पिच साधारण १.०६ मि.मी. त्यामुळे यूएनएफचं निपल किंवा होजचं टोक मेट्रिक भोकात आरामात जातं, थोडं घट्टही होतं आणि माणसाला वाटतं बसलं. प्रत्यक्षात आट्यांच्या फक्त टोकांनी ते धरलेलं असतं. जोरात ब्रेक दाबल्यावर सुटण्याची वेळ येते तेव्हा गाडी रस्त्यावर असते.

सेकंडहँड कॅलिपरवर आधीच्या मालकाने काय बसवलंय ते कळत नाही. म्हणून आट्यांचं गेज घ्या आणि प्रत्येक निपल, प्रत्येक होज मोजा. ओळखायची दुसरी खूण: योग्य निपल बोटांनी शेवटपर्यंत फिरतं आणि कुठेही डुलत नाही. हाताने अर्ध्यावर घट्ट होत असेल किंवा सैल हलत असेल तर पाना लावू नका.

बीडकाम

सावकाश यांचं वरचं प्रत्येकाने दोनदा वाचावं. मी मूळ धाग्यात घालायला हवी होती इतकी ती गोष्ट महत्त्वाची आहे.

वायसर

आता थोडा मतभेद. दादा, तुम्ही कॅलिपरचे बोल्टने जोडलेले दोन भाग वेगळे करण्याबद्दल काहीच लिहिलं नाहीत. मी वेगळे करतो. अख्खा कॅलिपर शिकंज्यात धरून फटीतून चर साफ करणं म्हणजे अर्धवट काम. दोन अर्धे केले की सगळं समोर दिसतं, पिस्टनही सरळ बसतो.

बीडकाम

मुद्दामच लिहिलं नव्हतं, कारण यावर माझं मत पक्कं आहे: गरज नसेल तर करू नका.

कारखान्याच्या पुस्तकात भाग वेगळे करू नका असंच सांगितलंय आणि त्याला कारण आहे. दोन अर्ध्यांमधून ऑइलचा मार्ग जातो आणि तिथे एक छोटं रबरी वलय असतं. बऱ्याच किटमध्ये ते येत नाही. जुनंच परत टाकलं की तिथून पाझरतं, आणि साध्या दुकानातलं ओ-रिंग टाकलं तर ते ब्रेक ऑइलमध्ये फुगून विरघळायला लागतं, कारण ते बहुधा नायट्राइल रबराचं असतं. ब्रेक ऑइलला ईपीडीएम जातीचं रबर लागतं. बोल्टही साधे नाहीत. ब्रेक दाबला की पूर्ण दाबाचा जोर कॅलिपर फाकवायला बघतो आणि तो तेच बोल्ट पेलतात.

मिनीच्या कॅलिपरमध्ये एक पिस्टन पूर्ण आत दाबला की दुसरा फटीतून बाहेर येतो. वाकडी पट्टी आणि छोटा आरसा घेतला तर चर नीट साफ होतो. वेळ लागतो, पण होतो.

वायसर

वेळ लागतो हे मान्य. पण सांध्यावरच गंज असेल आणि तिथूनच ओल दिसत असेल तर?

बीडकाम

तर वेगळं करावंच लागेल. तिथे माझा विरोध नाही. ईपीडीएमचं योग्य मापाचं वलय, नवे योग्य दर्जाचे बोल्ट, सांधा आरशासारखा स्वच्छ आणि त्या मॉडेलच्या पुस्तकातला टॉर्क (आवळायचा ठरलेला जोर). अंदाजाने आवळायचे नाहीत.

भौतिक

दोन प्रश्न. गंज काढायला सायट्रिक ॲसिड चालेल का? आणि जुन्या गाडीत डॉट ५ (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची श्रेणी) सिलिकॉन ऑइल घालावं असं बरेच जण सांगतात. गाडी वर्षातून थोडीच चालते, मग ते बरं नाही का?

सावकाश

सायट्रिक ॲसिड चालतं. रबरं, पिस्टन आणि बोल्ट काढून फक्त बीडाचा सांगाडा कोमट द्रावणात ठेवा आणि अधूनमधून बघत राहा. जास्त वेळ राहिला तर बीड काळं पडतं आणि ॲसिड ते खायला लागतं. बाहेर काढल्यावर लगेच धुवा, सोड्याच्या पाण्याने ॲसिड मारा, पुन्हा धुवा आणि ताबडतोब हवेने वाळवा. नाहीतर तासाभरात पिवळी झाक धरतो. उच्च ताकदीचे बोल्ट ॲसिडमध्ये अजिबात नको. पोलाद हायड्रोजन शोषून ठिसूळ होतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

कोणी धुण्याच्या सोड्यात वीज सोडून गंज काढतात. तेही उत्तम, पण दुसऱ्या टोकाला स्टेनलेस लावू नका, द्रावणात विषारी क्रोमियम उतरतं. साधं लोखंड लावा आणि खोलीत हवा खेळती ठेवा, हायड्रोजन निघत असतो.

काचेच्या मण्यांनी ब्लास्टिंग केलंत तर सगळी भोकं आधी बुजवा. आतल्या मार्गात एक मणी राहिला तरी तो पुढे सीलखाली येणार.

बीडकाम

डॉट ५ बद्दल माझं मत: जुन्या कॅलिपरमध्ये नको.

साधं डॉट ४ हवेतलं पाणी शोषून घेतं, ही त्याची खोड म्हणून सांगतात. पण त्यामुळे ते पाणी सगळ्या ऑइलमध्ये विरघळून पसरतं. सिलिकॉन पाणी शोषत नाही, म्हणून आत शिरलेलं पाणी थेंबाच्या रूपात सर्वांत खालच्या जागी जाऊन बसतं. ब्रेकमधली सर्वांत खालची आणि सर्वांत गरम जागा कॅलिपरच. तिथे ते गंज धरतं आणि तापल्यावर वाफ होते. शिवाय सिलिकॉन किंचित जास्त दाबलं जातं, पेडल स्पंजासारखं लागतं.

डॉट ४ ला कोरडं असताना उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस लागतो, पाणी शोषल्यावरचा किमान १५५. डॉट ३ ला हेच आकडे २०५ आणि १४०. म्हणून दर दोन वर्षांनी ऑइल बदला, गाडी चालली नसली तरी. डॉट ५ आणि डॉट ५.१ मध्ये गल्लत करू नका. ५.१ हे डॉट ४ च्याच जातीचं आहे आणि त्यात मिसळतं. ५ वेगळं आहे, ते कशातच मिसळायचं नाही.

आणि जुन्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. सेकंडहँड कॅलिपरवर बसलेली काळी भुकटी कॉम्प्रेसरने उडवू नका, कोरड्या ब्रशने झाडू नका. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

तांबडी_मिनी

निपल सुटलं! वायसर काकांनी सांगितलं तसंच, आधी आवळून मग सोडवलं. चरातून खरंच काळी खपली निघाली, बोटाच्या नखाएवढे तुकडे. पिस्टन नवे स्टेनलेसचे मागवलेत. आता बसवताना काय सांभाळू? आणि रंग द्यायचाय, लाल.

बीडकाम

ताई, रंग आधी, रबर नंतर. बोअर, चर, होज आणि निपलच्या बैठका, गाडीला टेकणारे पृष्ठभाग आणि पॅड ज्या दोन कडांवर सरकतात त्या, हे सगळं चिकटपट्टीने झाका. पॅडच्या कडांवर रंगाचा जाड थर बसला की पॅड अडकतात, आणि मग सगळं काम करून ब्रेक धरतोच. रंग पूर्ण वाळू द्या, कच्चा रंग ब्रेक ऑइलने सुटतो.

सील बसवताना बोटांना आणि सीलला स्वच्छ ब्रेक ऑइल किंवा लाल रबर ग्रीस लावा. सील चरात टाकल्यावर बोट पूर्ण गोल फिरवून बघा, कुठेही पिळलेलं नसावं. पिस्टनला ऑइल लावा आणि दोन्ही अंगठ्यांनी सरळ दाबा. पहिल्या मिलिमीटरला सील थोडा विरोध करेल, तो समजून येतो. पण एका बाजूला तिरका होऊन अडकला तर हातोडी घेऊ नका, बाहेर काढा आणि पुन्हा सरळ धरा. नीट बसलेला पिस्टन नुसत्या अंगठ्यांच्या जोराने तळापर्यंत जातो. जात नसेल तर चर अजून साफ झालेला नाही.

डस्ट सील शेवटी. त्याच्या बैठकीत गंज राहिला असेल तर ते वर उचलतं आणि पुढच्या वर्षी तुम्ही पुन्हा इथेच याल.

पॅड धरणाऱ्या कॉटर पिना आणि त्यावरच्या स्प्रिंगा नव्या घ्या.

वायसर

आणि गाडीला लावताना निपल वरच्या बाजूला आहे ना ते बघा. डावा-उजवा कॅलिपर एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखा असतो. अदलाबदल झाली तरी बोल्ट बसतात, फक्त निपल खाली येतं, हवा वर अडकून राहते आणि माणूस बाटल्याच्या बाटल्या ऑइल ओतत बसतो. वेगवेगळ्या ठिकाणाहून एकेक कॅलिपर घेतलेल्यांकडे हमखास घडतं. दोन्ही एकाच बाजूचे निघतात.

ड्रमवाला

हे विकत घेतानाच बघायला हवं. फोटोत निपल कुठे आहे ते विचारतो आता.

तांबडी_मिनी

लावले. हवा काढली. पेडल छान घट्ट. पेडल जोरात धरून ठेवून नवऱ्याला टॉर्चने सगळे सांधे बघायला सांगितले, कुठेही ओल नाही. रात्रभर ठेवून सकाळी पुन्हा बघितलं, कोरडं. पण गाडी काढल्यावर डावीकडे ओढते, आणि थोडं फिरून आलं की डावं चाक हात लावता येणार नाही इतकं तापतं. उजवं कोमट. दादा, डाव्या कॅलिपरचा चर मी अगदी नीट साफ केला होता. पुन्हा उघडू का?

बीडकाम

थांबा, अजून उघडू नका. पिस्टन अंगठ्याने तळापर्यंत गेला होता ना? मग कॅलिपर बहुधा निर्दोष आहे. आधी हे करून बघा.

डावं चाक जॅकवर, गाडी स्टँडवर नीट टेकवा. चाक हाताने फिरवा. ब्रेक जोरात दाबा, सोडा, लगेच पुन्हा फिरवा. जाम झालं असेल तर निपल अर्धा आटा उघडा. निपलमधून ऑइलचा फवारा आला आणि चाक मोकळं झालं, तर लाइनमध्ये दाब अडकून राहतोय, कॅलिपर दोषी नाही. निपल उघडूनही चाक जामच राहिलं, तर पिस्टन किंवा पॅड अडकलेत आणि मग मात्र कॅलिपर उघडायचा.

दाब अडकतोय असं निघालं तर पुढची पायरी. निपल बंद करा, पुन्हा ब्रेक दाबून सोडा, चाक जाम करा. आता रबरी होज आणि लोखंडी पाइप यांचा सांधा किंचित सैल करा. तिथे चाक सुटलं तर दोष मास्टर सिलिंडरच्या बाजूला. तिथे सैल करूनही चाक जामच आणि निपल उघडल्यावरच सुटतंय, तर होज आतून गेलाय. डोळ्यांना चष्मा, हातात फडकं, आणि रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी मारा.

भौतिक

होज आतून जातो म्हणजे काय? बाहेरून तर तो चांगलाच दिसत असेल.

वायसर

बाहेरून अगदी नवा दिसतो. आतलं अस्तर सुटतं आणि त्याचा पापुद्रा झडपेसारखा वागतो. पेडलचा दाब मोठा, तो ऑइल पुढे ढकलतो. परत यायचा जोर म्हणजे सीलची ती मिलिमीटरच्या अंशाएवढी ओढ. तिला पापुद्रा ढकलणं जमत नाही. म्हणून ब्रेक लागतो पण सुटत नाही.

तांबडी_मिनी

तसंच निघालं. पाइपच्या सांध्यावर सैल केलं तर चाक जाम, निपल उघडल्यावर लगेच मोकळं. होज गाडीइतकाच जुना असावा. डावा नवा मागवते.

बीडकाम

दोन्ही मागवा, ताई. उजवाही त्याच वयाचा आहे आणि एका बाजूला नवा होज, दुसऱ्या बाजूला जुना असं ठेवू नये.

काढताना आधी लोखंडी पाइपचा नट सोडा, होजचा षटकोन दुसऱ्या पान्याने धरून, नाहीतर पाइप पिळून तुटतो. मग ब्रॅकेटचा नट, आणि शेवटी कॅलिपरच्या बाजूने होज फिरवून काढा. लावताना उलट क्रमाने, जिथे तांब्याचा वायसर आहे तिथे नवाच. होजवर लांबीने छापलेली रेघ असेल तर ती सरळ राहिली पाहिजे, म्हणजे पीळ पडलेला नाही. लावून झाल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवा, चाक लोंबतं असताना आणि गाडी खाली टेकवल्यावरही. होज कुठे ताणला जातो किंवा चाकाला घासतो का ते बघा. मग हवा काढा, आणि नवे पॅड डिस्कशी रुळवायला रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगातून पुन्हा पुन्हा मध्यम ब्रेक दाबा, दोन वेळांच्या मध्ये डिस्क थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून गाडी उभी ठेवू नका. फिरून आल्यावर दोन्ही बाजूंची उष्णता तुलना करून इथे लिहा.